चौमाशातली फरशी

अंकितने गाडीच्या डिकीतून पाण्याचा मारा करणारं मशीन बाहेर काढलं, तेव्हा सोमाजीचा खराटा तिसऱ्यांदा त्याच जागेवरून फिरत होता. तिथे झाडण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण हात थांबत नव्हते.

"काका, बाजूला व्हा. हे खराट्याचं काम नाही," अंकित म्हणाला. "दहा मिनिटांत सगळी फरशी नवी करून देतो."

सोमाजी बाजूला झाला. भिंतीपाशी गेला, तिथून कढीपत्त्यापाशी, पुन्हा भिंतीपाशी.

घोडेगावाबाहेरच्या या बंगल्यात तो बावीस वर्षं माळीकाम करत होता. महाळुंगे पडवळहून सकाळच्या एसटीने यायचा, उन्हं कलली की परत जायचा. बंगला फतेचंद शेठचा. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकानातून दमून आले की शेठ मागच्या बागेत खुर्ची टाकून बसत. चार गुलाब, एक बुचाचं झाड आणि मधे शहाबादी फरशीचं अंगण. ती फरशी बसवताना गवंड्याच्या हाताखाली सोमाजीच होता. पाऊस ओसरला, की बुचाचा सडा रोज झाडायचा, कुंड्या उन्हात सरकवायच्या, उखडलेले सांधे सिमेंटने भरायचे, हे त्याचं दर आश्विनातलं काम.

शेवाळाला मात्र हात लावायचा नाही. तो उगमबाईंचा, म्हणजे शेठच्या बायकोचा चौमाशातला जैन नेम होता. "सोमा, त्याच्यात अनंत जीव असतात रे. चौमासा संपेपर्यंत राहू दे त्यांना. आपण कडेने जाऊ." बाई स्वतः भिंतीला हात लावत कडेकडेने जायच्या. उन्हाने शेवाळ आपोआप वाळून काळं पडलं, की मगच सोमाजी ते मऊ झाडूने लोटायचा. इतक्या वर्षांत त्यापायी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

यंदा बिघडलं. श्रावण संपता संपता शेठ त्या फरशीवर घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं. मग दोन महिने ते आणि बाई अंकितच्या, त्यांच्या मुलाच्या फ्लॅटवर राहिले. उद्या शेठ वॉकर घेऊन घरी येणार होते. नातू अरिहंत त्यांना गाडीतून आणणार होता. घर उघडून ठेवायला म्हणून अंकित आणि बाई आज पुढे आले होते.

पडले त्या सकाळची एक गोष्ट सोमाजीने कुणालाच सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही. बाई तेव्हा महाराजांच्या प्रवचनाला गेल्या होत्या. शेठ पायरीवर उभे राहून हळूच म्हणाले होते, "सोमा, उगम यायच्या आत इथून नळापर्यंत एक पट्टा घासून टाक. मला आता भीती वाटते चालायची."

सोमाजी हसला होता. "बाईंना इचारतो अन् मंग घासतो, शेठ."

त्याने पायरीपाशी नुसती पोती अंथरली आणि कुंड्या हलवायला पुढच्या अंगणात गेला. मागचा नळ ठिबकत होता. तो बंद करायला शेठ पोत्यावरून खाली उतरले.

त्यानंतर बंगल्याला कुलूप होतं, काम नव्हतं. तरी सोमाजी दिवसाआड यायचा. मागच्या फाटकातून आत शिरून शेवाळाकडे बघत उभा राहायचा आणि हात न लावता परत जायचा. घरी ताट पुढे आलं तरी लक्ष नसायचं. "आवं, जेवा की," साळुबाई म्हणायची. "बंगला बंद, मालक पुण्याला, अन् तुमची येरझार कशापायी चाललीय?" तो पाणी पिऊन उठायचा.

मशीन धडधडलं. पाण्याची धार फरशीवर आपटली आणि वाळकं शेवाळ काळ्या चिखलासारखं उडालं. उन्हातली फरशी खरंच झटक्यात उजळली. पण त्याबरोबर सांध्यांतलं सिमेंटही भुगा होऊन निघू लागलं. सोमाजीला राहवेना.

"दादा, थांबा! सांधं निघत्यात. खाली निस्ती माती हाय, फरशी डुगडुगंल. उद्या शेठ वॉकर टेकनार..."

अंकितने मशीन बंद केलं. कपाळावरचं पाणी पुसलं.

"आज काळजी वाटतेय तुम्हाला? दोन महिन्यांपूर्वी कुठं गेली होती? एवढंसं अंगण साफ ठेवायचं, तेवढंही होऊ नये? बाबा परत आधाराशिवाय चालायचे नाहीत, माहितीय का?"

सोमाजीच्या ओठांवर आलं होतं की बाईंचा नेम होता. दवाखान्यात भेटायला गेला, तेव्हाही आलं होतं. तेव्हासारखंच त्याने आताही गिळलं. ते एक वाक्य बोलला असता, तर शेठ काय म्हणाले होते तेही बोलावं लागलं असतं. तो खराट्याच्या काड्या उगाच सारख्या करत राहिला.

स्वयंपाकघराचं दार वाजलं. उगमबाई बाहेर आल्या. वय चौऱ्याहत्तर, पायात काही नाही. आज त्या भिंतीकडेने गेल्या नाहीत. बुचाच्या सावलीत नळापर्यंत अजून ओलं, हिरवंगार शेवाळ होतं. त्याच्या काठाशी येऊन थांबल्या.

"मी सांगितलं होतं त्याला," त्या म्हणाल्या. "हात लावू नको म्हणून. दरवर्षी सांगते."

"आई, आत जा. घसरशील."

"ऐक आधी. दवाखान्यात तू याला नर्ससमोर बोललास, तेव्हाच मी सांगायला हवं होतं. माझी जीभ उचलली नाही."

सोमाजीने खराटा खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"बाई, माजं बी एक हाय," तो म्हणाला. "शेठ त्या सकाळी म्हनले व्हते, एक पट्टा घास. म्या न्हाई घासला. तुमाला इचारून घासतो म्हनलो."

"ठाऊक आहे मला."

सोमाजी बघतच राहिला.

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी यांनीच सांगितलं. म्हणाले, सोमाला बोल लावू नकोस, तुझा शब्द राखायला गेला तो." बाईंनी पदर खोचला. "ब्रश आण तुझा. काथ्याचा."

"म्या घासतो की."

"नाही."

"चौमासा संपाया अजून तीन आठवडं हायेत, बाई."

"म्हणूनच. नेम माझा होता. मोडायचा तर माझ्या हातानं मोडू दे."

त्या काठावरच खाली बसल्या. अंकित धरायला धावला, त्याचा हात त्यांनी बाजूला केला. पहिल्या फरशीवर ब्रश ठेवताना त्या जिवांची क्षमा मागत त्यांचे ओठ हलले. मग घासायला लागल्या. सोमाजी तांब्याने पाणी ओतत होता. पाणी ओततोय म्हणजे यात आपणही आलो, हे त्याला कळत होतं, पण तांब्या त्याने खाली ठेवला नाही. एक फरशी झाली, की बाई सरकून पुढच्या फरशीवर जात. ओठ हलत. पुन्हा ब्रश. त्याने चारदा म्हटलं, "द्या हिकडं." बाईंनी चारही वेळा ऐकलं नाही. अंकितने मशीनची नळी गुंडाळली आणि तो गाडीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

नळापर्यंत पोचायला दुपार झाली. बाई भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या. सोमाजीने संध्याकाळपर्यंत सगळे सांधे सिमेंटने भरले. शेवटची एसटी गेली तेव्हा तो उकिडवा बसून बोटाने एकेक फरशी दाबून बघत होता. त्या रात्री अंकितने त्याला गाडीने महाळुंग्याला सोडलं. उतरताना अंकित म्हणाला, "काका, उद्या दहाला येतील बाबा. तुम्ही असा." सोमाजीने मान हलवली.

सकाळी दहाला गाडी आली. शेठ अर्ध्याने वाळले होते. घरात बसा म्हणून सगळे म्हणाले, पण त्यांना आधी बाग बघायची होती. वॉकर सरकवत ते मागच्या पायरीपर्यंत आले. बुचाखालची फरशी कोरडी, स्वच्छ, करड्या निळ्या रंगाची दिसत होती. शेठ तिच्याकडे बघत राहिले. या दिवसांत ती तशी त्यांनी कधीच पाहिली नव्हती.

"सोमा, कुणी घासली रे?"

अंकितने आईकडे पाहिलं. बाई दारात उभ्या होत्या. नेम मोडला म्हणून कालपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, हे शेठना कुणी सांगितलं नव्हतं. तळहातांना फोड आले होते. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि बोलायला तोंड उघडलं.

"म्या घासली, शेठ," सोमाजी त्यांच्या आधी म्हणाला. "काल. बाईंना न इचारता."

शेठ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, तिच्या पदराकडे पाहिलं.

"चल," शेठ म्हणाले आणि वॉकर पायरीखाली टेकवला.

ते निघाले. एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. सोमाजी दोन्ही हात पसरून, अंगाला न लावता, अर्धं पाऊल मागे चालत राहिला.