हळूबाईची बाहुली

"यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवला तर मलाच वाईट वाटेल. जन्मभर मी खोटं बोललो ते लोकांनी खरं धरलं. खरा असा एकच किस्सा आहे माझ्याकडे, आणि तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही."

मी अशी प्रस्तावना केली तेव्हा माझी नात फिस्सकन हसली. तिला आम्ही टिटवी म्हणतो. तान्हेपणी ती रडायला लागली की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायची, त्यावरून पडलेलं नाव. आता ती स्वतः आई झाली आहे. अडीच महिन्यांचा मुलगा तिच्या मांडीवर होता, नवरा शेजारी खुर्चीत, आणि दुपारच्या चहाचे कप मध्ये.

दोघं नुकतीच दवाखान्यातून आली होती. पोराला दोन्ही मांड्यांत लशीच्या सुया टोचल्या, आणि पठ्ठ्यानं हूं की चूं केलं नाही. "नर्स म्हणाली, वीस वर्षांत असं बाळ पाहिलं नाही," हे जावईबापू मला चौथ्यांदा सांगत होते. तसा हा मुलगा रडतच नाही. जन्मला तेव्हा एकदा ट्यांहां केलं, तेवढंच. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, सगळं ठणठणीत. जो येतो तो म्हणतो, काय गुणी बाळ आहे हो! दृष्ट लागेल!

त्या कौतुकात जावईबापूंनी एक कागद पुढे सरकवला. तान्ह्या बाळांच्या मालिशचे वर्ग. आई-बाबांनी बाळासह यावं, उद्या सकाळी दहा वाजता. खाली लिहिलं होतं: पहिला धडा, बाळाची परवानगी कशी घ्यावी.

तेवढी ओळ वाचली आणि मी कप खाली ठेवला.

"उद्या जाऊ नका," मी म्हटलं.

"का हो?"

"सांगतो. पण मध्ये बोलायचं नाही."

"यांच्या शेरात पावशेर खरं असतं हं," टिटवी नवऱ्याला म्हणाली. "त्या बेतानं ऐक."

तर ऐका. ही टिटवी चार महिन्यांची होती. हिची आई, म्हणजे माझी मुलगी, टेलिफोनच्या कचेरीत कामाला लागलेली. हिच्या आजीचं शिवणकाम दिवसभर चालायचं. राहिलो मी. माझं किल्ल्या करायचं दुकान होतं, पण किल्ली हरवणारी माणसं सकाळी अकराच्या आत उठत नाहीत. त्यामुळे मालिशच्या वर्गाला हिला घेऊन जायचं माझ्या गळ्यात पडलं.

वर्ग एका लॉन्ड्रीच्या वर भरायचा. खाली दिवसभर कपड्यांना वाफ, म्हणून वरची फरशी कायम कोमट. उघड्या बाळांना थंडी लागत नसे. खिडक्यांच्या काचा आतून ओल्या. गोल करून सतरंज्या, सतरंजीवर टॉवेल, प्रत्येकापुढे तेलाची वाटी. सहा आया, एक बाप आणि मी. माझ्या टकलावर पहिल्याच दिवशी एका आईनं चुकून तेलाचा हात ठेवला.

"चुकून?" टिटवी म्हणाली.

"मध्ये बोलायचं नाही असं ठरलंय."

शिकवणारी बाई मधोमध गुडघ्यांवर बसायची. नाव तिनं कधी सांगितलं नाही. प्रत्येक वाक्यात दोनदा "हळू, हळू" म्हणायची, म्हणून आम्ही तिला हळूबाई म्हणायला लागलो. तिच्यापुढे एक बाहुली असायची. अंग कापडाचं, डोकं रबराचं, डोळे मिटलेले. हळूबाई बाहुलीला मालिश करायची आणि आम्ही बघून आपापल्या बाळाला. मांडीपासून घोट्यापर्यंत दूध काढावं तसे हात. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. छातीवर, पुस्तक उघडून पान सारखं करावं तसं.

तिचे दोन नियम होते. पहिला असा की ती कुठल्याही बाळाला हात लावत नसे. एखाद्या आईनं बाळ पुढे केलं तरी हात मागे घ्यायची, तवा तापलेला असावा तशी. दुसरा नियम परवानगीचा. तेल तळव्यांवर चोळायचं, तो आवाज बाळाच्या कानाशी करायचा आणि विचारायचं, "करू का?" बाळानं टक लावून बघितलं तर हो. तोंड फिरवलं तर नाही. नाही म्हणजे त्या दिवशी नाही.

आणि आमची टिटवी रोज तोंड फिरवायची.

फिरवेल नाहीतर काय करेल! तीस वर्षं कानस चालवलेले हात माझे. पितळेचा चुरा कातडीत मुरलेला. तेल लावलं तरी खरखर जात नाही. बाकीची बाळं सतरंजीवर गुंगायची आणि ही माझ्यापुढे गळा काढायची. खालच्या लॉन्ड्रीवाल्यानं दोनदा छत ठोकलं. तीन आठवडे हेच. चौथ्या आठवड्यात माझा धीर सुटला. मी म्हटलं, "बाई, तुमचे हात लोण्यासारखे आहेत. आज तुम्हीच करा की."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मला तिनं हो म्हणायला हवं."

"अहो, तिच्या वतीनं मी म्हणतो ना. हो, हो, करा."

हिची आजी माझ्या या सवयीला फार कंटाळली होती. म्हणायची, तुमचं हो म्हणजे दुसऱ्याच्या घरी परस्पर जेवणाचं आमंत्रण. लग्नात मुलगी गाणं म्हणेल, हे मी मुलीला न विचारता कबूल करायचो. शेजारणीचे पडदे बायको रात्रीत शिवून देईल, हे बायकोला न विचारता. माझ्या जिभेला हाड नाही, आणि त्या दिवशी ते मला महागात पडलं.

हळूबाईनं पुन्हा विचारलं, "तिच्या वतीनं?"

"हो म्हटलं ना!"

मग तिनं तळवे चोळले. त्या आवाजासरशी खोलीतली सगळी बाळं एकदम गप्प झाली, आया बोलता बोलता थांबल्या. तिनं टिटवीच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि पुस्तक उघडलं. एकदाच. टिटवी रडता रडता थांबली, बंद केलेल्या नळासारखी. हळूबाईनं ओले हात तसेच उचलले आणि बाहुलीच्या छातीवर पुसले.

घरी सगळी खूश. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही जादू केलीत!" रात्री पोर झोपली की सकाळी उठायची. भूक लागली तरी रडणं नाही, लंगोट भिजला तरी नाही. शेजारपाजारचे म्हणायचे, काय गुणी बाळ आहे हो!

इथं टिटवीनं मांडीवरच्या मुलाकडे पाहिलं. मुलगा जागाच होता, पंख्याकडे बघत होता.

"मग?" जावईबापू म्हणाले. त्यांना गंमत वाटत होती.

मग पाचव्या दिवशी मी टेबलाचा खण ढकलला, आणि कडेवरच्या हिची बोटं त्यात सापडली. मला कळलंच नाही! खण का लागत नाही म्हणून मी आणखी जोर लावला. सहज वर पाहिलं तर हिचं तोंड उघडं. वासलेलं, लालबुंद, टाळा दिसत होता. आणि आवाज नाही. डोळ्यांत पाणी नाही. बोटं निळी पडलेली, आणि ही मुकाट तोंड उघडून माझ्याकडे बघत होती.

अहो, तान्ह्या पोराकडे सांगायला दुसरं असतं काय? ताप आला, काही टोचलं, घशात काही अडकलं, आम्हाला कसं कळणार? हे पोर शेजारच्या खोलीत मरून गेलं असतं आणि आम्ही गुणी म्हणत बसलो असतो.

मी हिला आजीकडे दिलं आणि धावत सुटलो. भर दुपार. लॉन्ड्री जेवणासाठी बंद, वर जिना उघडा, वर्गाच्या खोलीत चिटपाखरू नाही. आणि भिंतीतल्या कपाटातून टिटवीचं रडणं येत होतं. दुसरं कुणाचं नव्हे, माझ्याच नातीचं. मधे उचकी घेऊन वरचा सूर लावायची तीच तऱ्हा.

कपाटाला पितळी कुलूप होतं. माझ्यापुढे कुलूप म्हणजे काय! एक तार आत सरकवली, दोनदा फिरवली, उघडलं. आत फळीवर बाहुली. डोळे उघडे. उचलली तर हातांना भार जाणवला. बरोबर टिटवीएवढा. आणि कापडाचं अंग कोमट होतं.

"फरशी कोमट होती म्हणालात," जावईबापू म्हणाले.

"फरशी होती. कपाट भिंतीत होतं."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

मी घाबरलो होतो, पण वर्ग तीन आठवडे केला होता. तळवे चोळले, बाहुलीच्या कानाशी नेले आणि विचारलं, "घेऊ का परत?" बाहुलीनं तोंड फिरवलं.

"ती देणार नाही," मागून आवाज आला. दारात हळूबाई उभी. रागावलेली नव्हती, तेच वाईट. "आई-बापांना शिकवायला बाहुली खरी लागते हो. न रडणाऱ्या बाहुलीवर कुणी जीव लावून हात फिरवत नाही. आणि मी काही हिसकावलं नाही. तुम्ही हो म्हणालात."

मी पाया पडलो. तिनं मला उठवलं नाही, आठवतंय ना, ती कुणाला हात लावत नसे. फक्त म्हणाली, "नातीचं न्या. पण मग बाहुलीला दुसऱ्याचं लागेल. तुमच्याच रक्ताचं. लगेच नको, घाई नाही. हळू, हळू."

"मग तुम्ही काय केलंत?" टिटवीनं विचारलं. तिचं हसू केव्हा गेलं ते मला कळलं नव्हतं.

मी छाती पुढे काढली. "काय करणार? म्हटलं, माझं घ्या! म्हातारा माणूस, मला रडून काय करायचंय? तिनं माझ्या छातीवर पुस्तक उघडलं, बाहुलीचे डोळे मिटले, आणि मी जिना उतरतो न उतरतो तोच पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. ओळखलं मी, टिटवी रडतेय! त्या दिवसापासून आजतागायत माझ्या डोळ्यातून टिपूस आलेलं नाही. म्हणून म्हणतो, उद्या त्या वर्गाला जाऊ नका. बाळाला घरातच ठेवा."

जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या. "वा आजोबा! काय रंगवलीत!"

टिटवीनं टाळी वाजवली नाही.

"खोटं," ती म्हणाली.

"अगं, सांगितलं ना, कुणी विश्वास..."

"बाकीचं राहू द्या. शेवटचं खोटं आहे. आजी गेली त्या दुपारी तुम्ही तिच्या शिवणयंत्रावर डोकं ठेवून रडत होतात. हुंदके देऊन. मी सात वर्षांची होते, पडद्याआड उभी होते. यंत्रावरचं अर्धवट शिवलेलं कापड ओलं झालं होतं. मी हात लावून पाहिलं होतं नंतर."

"सापडले, सापडले!" जावईबापू हसले.

मी कप उचलला. त्यात चहा नव्हता.

टिटवीनं मुलाचा पायमोजा काढला. त्याच्या टाचेला तिनं चिमटा घेतला. जोरात. मुलाचं तोंड उघडलं. वासलं, लालबुंद झालं, टाळा दिसला. जावईबापूंचं हसणं अर्ध्यावर राहिलं. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज येत होता.

तिनं त्याला छातीशी धरलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आजोबा, त्या दिवशी तुम्ही कुणाच्या वतीनं हो म्हणालात?"