वाळूच्या गोण्यांखाली

अंधेरीच्या त्या जुन्या गल्लीत जयवंतरावांच्या बंगल्यासारखा दुसरा बंगला नव्हता. पुढे साहेबी थाटाचे गोल खांब, वर गुजराती कोरीवकामाचा लाकडी सज्जा, खिडक्यांना चर्चसारख्या टोकदार कमानी आणि छपरावर मंगळुरी कौलं. पणजोबांना फिरतीवर जे जे आवडलं ते त्यांनी इथे आणून बांधलं, असं घरात सांगत. आजूबाजूचे बंगले एकेक करून पडले होते आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात खांबांवरच्या गच्चीचा मोठा तुकडा दारातच कोसळला. तळमजल्यावर रत्नप्रभाबाईंचा शिवणवर्ग भाड्याने चालायचा. मुली तेव्हा आत होत्या म्हणून वाचल्या, पण जयवंतरावांनी धसका घेतला. एक बिल्डर कधीचा मागे लागला होता. तो म्हणाला, सगळं घरच धोकादायक ठरवून घ्या, भाडेकरू आपोआप जातील.

तपासणीचं काम त्यानेच एका ऑफिसला दिलं आणि ऑफिसने मीराला पाठवलं. मीरा घाटकोपरच्या वस्तीत वाढलेली, नुकतीच इंजिनिअर झालेली. तिने तुळया ठोकून पाहिल्या, भिंतीत शिरलेली त्यांची टोकं उकरून पाहिली. साग टणक होता, वाळवीचा मागमूस नव्हता. पुढचे खांब आणि गच्ची मात्र नंतर जोडलेली होती. तिथलं लोखंड गंजून फुगलं होतं.

ऑफिसातल्या साहेबांनी तिला समजावलं, की काय लिहायचं ते आधीच ठरलंय, तू फक्त सही कर.

"गच्ची काढून टाका, असं लिहिते," मीरा म्हणाली. "घर पडेल असं लिहिणार नाही."

तिची नोकरी गेली. घरी वडिलांनी, धोंडिरामांनी, सगळं ऐकून घेतलं. ते मरोळच्या कारखान्यात फिटर होते. तुझी खात्री आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली, तेव्हा ते म्हणाले, मग ज्याचं घर आहे त्याला जाऊन सांग.

जयवंतरावांनी तिला दारातूनच परत पाठवलं. ती पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला ते चिडले. "उद्या मजला मुलींच्या अंगावर आला, तर काय करशील तू?"

"आधी माझ्या अंगावर येऊ दे," मीरा म्हणाली. "मजल्यावर वजन टाकू. मी खाली उभी राहते."

शेवटी जयवंतराव तयार झाले. रत्नप्रभाबाईंनी वाळूसाठी गोण्या शिवून द्यायचं कबूल केलं. त्यांच्या वर्गातल्या मुली जाड तरट मशिनवर घालून सुया मोडत राहिल्या, पण गोण्या झाल्या. रविवारी धोंडिराम आणि त्यांचे कारखान्यातले सोबती वाळू वर चढवू लागले. मीराने तुळयांच्या बोटभर खाली लाकडी टेकू उभे केले, म्हणजे काही झालंच तर मजला त्यांच्यावर अडेल. तुळई किती वाकते ते दिसावं म्हणून एकीशी मोजपट्टी बांधून ती स्टुलावर चढली.

वर दिवाणखाना भरत गेला. तुळई कुरकुरली. वरून धोंडिरामांनी विचारलं, थांबू का? तिने पट्टी पाहिली. तुळई किंचित वाकली होती, तिच्या हिशेबात बसत होती तेवढीच.

"अजून टाका, बाबा."

जयवंतराव अंगणातून हे सगळं बघत होते. ते चपला काढून आत आले आणि तिच्या स्टुलाशेजारी उभे राहिले. तिने त्यांना बाहेर जायला सांगितलं. ते हलले नाहीत.

"माझं घर आहे," ते म्हणाले. "बाहेर मी कशाला उभा राहू?"

वजन दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहिलं. गोण्या उतरवल्यावर तुळई पुन्हा सरळ झाली.

उन्हाळ्याच्या आत मीराने उभं राहून गच्ची आणि गोल खांब पाडून घेतले. बंगला पुढून बोडका दिसायला लागला. जयवंतरावांना ते आवडलं नाही आणि त्यांनी तसं तिला सांगितलंही. बिल्डर पुढेही येत राहिला, चहा पिऊन परत जात राहिला. शिवणवर्ग तिथेच चालू होता. पावसाळ्यानंतर पुढच्या गल्लीतल्या एका बंगल्याच्या मालकिणीने मीराला बोलावणं धाडलं. या वेळी ती स्वतःच्या नावाने गेली.