एका इंजिनात दोन भाऊ

आमच्या घरात गालिचा एकही नाही. दुसऱ्यांचे धुऊन धुऊन हौसच उरली नाही. मी फोन घेते, सोफे धुते आणि उरलेल्या वेळात दोन भावांची भांडणं ऐकते. थोरला माझा नवरा, धाकटा माझा दीर. व्हॅन दोघांची, धंदा दोघांचा, आणि अक्कल, दोघांच्याही मते, एकट्याचीच.

या वर्षी गालिचे धुवायचं जुनं मशीन एकदाचं गेलं आणि नवीन घ्यायची वेळ आली. बाजारात दोन प्रकार. एक व्हॅनच्याच इंजिनावर चालतं. व्हॅन चालू तर पाणी गरम आणि मळ खेचणारी ओढ जोरदार. व्हॅन बंद की सगळंच थंड. दुसरं स्वतःचं इंजिन घेऊन येतं. ते व्हॅनच्या पोटात नुसतं सरकवून बसवायचं, आणि पटलं नाही की काढून दुसऱ्या व्हॅनमध्ये टाकायचं. पहिल्याला मी एकत्र कुटुंब म्हणते, दुसऱ्याला पोटभाडेकरू.

आमच्या ह्यांना एकत्र कुटुंब हवं होतं. "एक इंजिन असताना दुसरं कशाला? जागा वाचते, आवाज कमी."

भाऊजींना पोटभाडेकरू. "दादा, उद्या व्हॅन बसली तर मशीनही बसणार. वेगळं असलेलं बरं."

वेगळं! हा शब्द आला की ह्यांचा घास घशात अडकायचा. कारण भाऊजींना वेगळं व्हायचं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्यांनी स्वतःसाठी एक व्हॅनही गुपचूप बघून ठेवली होती, इतकी गुपचूप की मला चार जणांनी येऊन सांगितलं. आईवडील गेल्यावर ह्यांनीच धाकट्याला वाढवलेलं. तो गेला तर हे कोलमडणार, याची मला धास्ती होती. पण तोंडाने "जाऊ नकोस" म्हणतील तर ते माझे यजमान कसले! त्यापेक्षा आठवडेच्या आठवडे हॉर्सपॉवरवर भांडतील. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

शेवटी सेल्समनने दोन्ही मशीनं चालवून दाखवायचं कबूल केलं. एका थिएटरच्या लॉबीतला गालिचा आम्हाला धुवायचाच होता, तिथे तो दोन व्हॅन घेऊन आला. गृहस्थ इतकं गोड बोलायचा की मुंग्या लागाव्यात. पोटभाडेकरूच्या व्हॅनचं दार उघडून म्हणाला, "ताई, याचा हाच मोठा गुण. दोघांचं जमलं नाही तर कधीही वेगळं करता येतं!"

त्याला व्हॅन आणि मशीन म्हणायचं होतं. दोघे भाऊ आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

आधी एकत्र कुटुंब. व्हॅनमधून नळी लॉबीत गेली, भाऊजींनी तिच्या टोकाची दांडी फिरवली, आणि गालिच्यातून असं काळं पाणी ओढलं गेलं की थिएटरच्या मॅनेजरबाईंना स्वतःचीच लाज वाटली. हे खूश. त्या खुशीतच नळी तपासायला बाहेर गेले. आता ह्यांची एक खोड आहे: रिकामी गाडी चालू दिसली की हात शिवशिवतात. घरातही दिवे, पंखे, नळ, माझं बोलणं, सगळं बंद करत फिरतात. ह्यांनी व्हॅन बंद केली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि समाधानाने आत आले.

आत मशीनने मान टाकली होती. साबणाचं पाणी गालिच्यावर तसंच, आणि त्यात मॅनेजरबाईंचे नवे बूट.

"गाडी कोणी बंद केली?" भाऊजी ओरडले.

"मी. रिकामी गाडी चालू ठेवतात का?"

"दादा, तिच्यावरच मशीन चालतंय!"

ज्या गुणासाठी एवढा घसा कोरडा केला, तोच विसरले. मी हसले. हसू दाबायचं माझ्या स्वभावात नाही.

मग पोटभाडेकरू. त्याने असा गोंगाट मांडला की सेल्समनचं बोलणं ऐकू येईना, तेवढाच फायदा. हे पुन्हा बाहेर गेले. मी मागोमाग, पहारा ठेवायला. सेल्समनने ही व्हॅनही उगाचच चालू ठेवली होती. ह्यांनी माझ्यादेखत, मुद्दाम, किल्ली फिरवली. व्हॅन बंद झाली. मशीन आपलं चालूच.

किल्ली हातात घेऊन हे तिथेच उभे राहिले. "बघ," म्हणाले, "ह्याचं माझ्यावाचून काही अडत नाही."

ते मशीनबद्दल बोलत नव्हते. माझं हसू जिरलं. मला त्यांचा राग आला, मग दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

काम उरकून भाऊजी बाहेर आले. सेल्समनने हात चोळत विचारलं, "मग, कोणतं?"

"हे. वेगळं होणारं," हे म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

"उत्तम! तुमच्याच व्हॅनमध्ये बसवायचं ना?"

"नाही. धाकट्याने एक बघून ठेवली आहे. तिच्यात बसवा."

हवं ते मिळाल्यावर माणूस इतका ओशाळतो, हे मला माहीत नव्हतं. भाऊजींना मान वर करता येईना. "दादा... आणि तू?"

"माझे गुडघे गेलेत. एकट्याने नळ्या ओढणं आता होत नाही." ह्यांनी किल्ली सेल्समनला परत दिली. "मला कामाला ठेवशील?"

माझ्याकडे टोमणे कायम शिल्लक असतात, पण मी वळून नळ्या गुंडाळायला घेतल्या.

"ठेवतो," भाऊजी नाक ओढत म्हणाले. "पण गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," हे म्हणाले. आणि ज्याला इतकी वर्षं पांघरूण ओढून उठवलं, त्यालाच हळूच विचारलं, "सकाळी किती वाजता येऊ?"