सात सोळा, कितीपैकी?

प्रबोध केतकर संशयावर पोट भरायचा. सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत बसून बँकांसाठी खोटे ईमेल आणि खोटी माणसं हुडकणं हे त्याचं काम, आणि अठरा वर्षं ते केल्यावर त्याने एक सिद्धांत काढला होता: खरा ग्राहक गडबडतो. त्याला आईची जन्मतारीख आठवत नाही. पहिल्या शाळेचं नाव विचारलं तर तो म्हणतो, बालवाडी धरायची का? विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची धडाधड बरोबर उत्तरं देतो तो हमखास चोर, कारण तो पाठ करून आलेला असतो. हा सिद्धांत तो ऑफिसात नव्याने लागलेल्यांना शिकवायचा आणि संध्याकाळी सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये परतला की घरच्यांना लावायचा.

त्यामुळे २०१७च्या जुलैत अमेरिकेहून त्याच्या मुलीला, वल्लरीला, ईमेल आला तेव्हा घरातल्या तिघांपैकी कोण आधी संशय घेणार हा प्रश्नच नव्हता.

ईमेल अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका जुन्या विद्यापीठाचा होता. ज्याच्या नावाचे टी-शर्ट लक्ष्मी रोडवर ढिगाने मिळतात आणि जिथे केतकरांच्या सात पिढ्यांत कुणी पाऊल ठेवलेलं नव्हतं, असं ते विद्यापीठ. लिहिणारी हॅलोरन नावाची बाई तिथल्या मुलींच्या रोइंग संघाची कोच. तिने वल्लरीच्या शर्यतींचे निकाल पाहिले होते, तिला वल्लरीत रस होता, आणि सोबतचा फॉर्म भरून त्यावर पालकांची सही घेऊन पाठवावा अशी विनंती होती.

फॉर्ममध्ये उंची विचारली होती. वजन विचारलं होतं. दोन्ही हात पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत किती भरतात हे विचारलं होतं. मग वडिलांची उंची, आईची उंची.

"फक्त गोत्र राहिलंय," प्रबोध म्हणाला. अरुणाशी त्याचं लग्न ठरवताना त्याच्या आईनेसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती, हेही त्याने बोलून दाखवलं. अरुणाने फॉर्म त्याच्या हातातून घेतला आणि सही करून टाकली.

वल्लरी ज्युनियर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. उंची एकशे एकोणऐंशी सेंटिमीटर. पुण्याच्या आत्यांना या उंचीची काळजी होती आणि प्रत्येक दिवाळीत ती काळजी सेंटिमीटर-सेंटिमीटरने वाढत गेली होती. गेली चार वर्षं ती आठवड्यातून पाच दिवस पहाटे उठून पांडान जलाशयावर होडी वल्हवायला जात होती. प्रबोधच्या लेखी तो व्यायाम होता. पाठीला चांगला, भूक लागते, आणि केमिस्ट्रीला धक्का लागत नाही तोवर हरकत नाही.

मे महिन्यात एकदा ती क्लबातून आली ती दारातूनच म्हणाली, "बाबा, सात सोळा."

प्रबोधने लॅपटॉपवरून मान वर केली. "कितीपैकी?"

वल्लरी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि खोलीत निघून गेली. मग अरुणाने समजावलं की सरावाच्या यंत्रावर दोन हजार मीटर वल्हवायला तिला किती वेळ लागला ते ती सांगत होती, सात मिनिटं सोळा सेकंद, आणि ते फार चांगलं असतं म्हणे. प्रबोधने बरं म्हटलं आणि तो आकडा तो विसरून गेला. याच मुलीला तिसरीत गणितात पन्नासपैकी त्रेचाळीस पडले होते आणि ते सात मार्क नेमके कोणत्या प्रश्नांत गेले हे तो आजही सांगू शकत होता.

फॉर्म गेला, आणि प्रबोध कामाला लागला. ईमेल खरोखर कुठून निघाला ते त्याने शोधलं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून नंबर काढून थेट त्यांच्या ऑपरेटरला फोन केला आणि तुमच्याकडे हॅलोरन नावाचं कुणी आहे का असं विचारलं. ऑपरेटर म्हणाली, आहेत की, आत्ता बोटहाउसवर आहेत, जोडून देऊ? त्याने फोन ठेवला. पत्ता खरा, फोन खरा, बाई खरी. सगळंच बरोबर निघालं, आणि त्यामुळे त्याचा संशय बळावला.

ऑगस्टमध्ये स्काइपवर बोलणं झालं. कोच हॅलोरन पन्नाशीची, रापलेल्या चेहऱ्याची बाई होती आणि वायफळ बोलत नव्हती. दरवर्षी मला काही मोजकी नावं पुढे करता येतात, ती म्हणाली. वल्लरीचे मार्क उत्तम आहेत. तिचं नाव मी माझ्या यादीत घातलं आणि प्रवेश कचेरीने होकार दिला, तर बाकीच्या मुलांचे अर्ज कुणी उघडायच्या आत, ऑक्टोबरमध्येच तिला पत्र मिळेल.

"आणि त्या बदल्यात?" प्रबोधने विचारलं.

"ती रोइंग करेल."

"ते ठीक. पण त्या बदल्यात काय?"

त्याने हे तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तेच उत्तर मिळालं. आठवड्याला वीस तास सराव, चार वर्षं. कॉल संपल्यावर वल्लरी खुर्चीतून उठली ती बाल्कनीपर्यंत चालत गेली आणि परत आली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू लपत नव्हतं. प्रबोध मात्र वीस तासांपाशी अडकला होता. होडी वल्हवता येते म्हणून जगातलं नावाजलेलं विद्यापीठ दार उघडतं हे त्याला पटेना. ज्ञानाच्या मंदिरात मागच्या दाराने, तेही वल्हं घेऊन शिरायचं, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच.

मराठी मंडळाच्या गणपतीत त्याला शिरीष भेटला. शिरीष बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आता सिंगापूरचा नागरिक आणि राहायला काँडोमध्ये, म्हणजे महागड्या खाजगी सोसायटीत, त्यामुळे प्रवेशाच्या बाबतीत त्याचा शब्द मंडळात शेवटचा मानला जायचा. त्याच्या मुलाला, राजसला, याच विद्यापीठाने दोन वर्षांपूर्वी नकार दिला होता, हे तो सांगत नसे. ते सगळ्यांना माहीत होतं. मोदकाचं पान हातात धरून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अरे, त्यांना विद्यार्थी नकोच आहे," तो म्हणाला. "त्यांना हमाल हवाय. चार वर्षं पोरगी पाण्यात, आणि वर्गात सगळे म्हणणार ही होडीवाली. तू आत्ताच लिहून कळव त्यांना, की आमची मुलगी अभ्यासाची आहे. एकदा फाइलला लागलं की लागलं."

प्रबोधला हे एकदम पटलं. त्याने रविवारी दुपारी बसून कोच हॅलोरनला चार परिच्छेदांचा ईमेल लिहिला. पहिलीपासूनच्या गुणपत्रिका जोडल्या. केमिस्ट्री ऑलिंपियाडच्या पदकाचा फोटो जोडला, दोन्ही बाजूंनी. आणि शेवटी लिहिलं की रोइंग हा वल्लरीचा केवळ छंद आहे. एक वडील म्हणून मी आपल्याला व्यक्तिशः हमी देतो की एकदा प्रवेश मिळाला की ती त्यात वेळ दवडणार नाही आणि पूर्ण लक्ष अभ्यासाकडे देईल.

त्याने ते तीनदा वाचून पाठवलं. कितीतरी वर्षांत त्याला एखाद्या ईमेलमध्ये काहीच खटकलं नव्हतं.

कोचचं उत्तर आलं नाही. आठवडा गेला, वर दोन दिवस गेले. "मी म्हटलं नव्हतं?" असं तो रोज जेवताना म्हणायचा, आणि अरुणा त्याला आमटी वाढून विषय मिटवायची. ईमेलचं त्याने दोघींनाही सांगितलं नव्हतं. बढाई मारल्यासारखं वाटलं असतं. वल्लरी बोलत नव्हती. पहाटे मात्र जातच होती.

दहाव्या दिवशी तिने स्वतःच कोचला विचारलं. अकराव्या दिवशी संध्याकाळी ती फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिने उत्तर वाचून दाखवलं. कोचने सभ्यपणे लिहिलं होतं की तुझ्या घरच्यांचे विचार मला कळले आहेत आणि मी त्यांचा आदर करते. यादीतल्या तुझ्या जागेसाठी न्यूझीलंडच्या एका मुलीशी आम्ही बोलायला सुरुवात केली आहे. खाली वडिलांचा ईमेल जोडला होता. वल्लरीने तोही वाचला, सगळा, शेवटच्या हमीसकट. अरुणाने गॅस बंद केला.

"बाबा, नोकरी मिळायच्या आधी तू माझा राजीनामा दिलास," वल्लरी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मध्येच शाळेतली सिंगापुरी इंग्रजी आली. "माय सीट, लेह. तुझी नाही."

प्रबोधने शिरीषचं नाव घेऊन बघितलं. ते कुणी विचारात घेतलं नाही.

"तूच बिघडवलंस, तूच निस्तर," अरुणा म्हणाली. "आणि लिहिलंस की पाठवायच्या आधी तिला दाखव."

त्या संध्याकाळी प्रबोधने आयुष्यातलं सर्वांत अवघड पत्र लिहिलं. मी दिलेली हमी चुकीची होती. माझी मुलगी चार वर्षं रोइंग करेल, आणि अभ्यासाने त्यात अडथळा येऊ देणार नाही. हे शेवटचं वाक्य वल्लरीने सांगितलं होतं आणि ते टाइप करताना त्याचं बोट दोनदा भलत्याच अक्षरावर गेलं. त्याच्या वडिलांनी हे वाचलं असतं तर काय वाटलं असतं, याचा विचार त्याने करायचा नाही असं ठरवलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. कोच हॅलोरनने लिहिलं होतं: एकाच पत्त्यावरून बारा दिवसांत मला दोन ईमेल आले आहेत आणि दोन्हीत नेमकं उलट लिहिलेलं आहे. तुमचं खातं दुसरं कुणी वापरत असण्याची शक्यता आमच्या कचेरीला वाटते. न्यूझीलंडच्या मुलीला शुक्रवारी सांगायचं आहे. त्याआधी सर्व कुटुंबाशी बोलून खात्री करून घेता येईल का?

प्रबोधने ते दोनदा वाचलं. असा ईमेल त्याने स्वतः शेकडो लोकांना पाठवला होता. मजकूरही साधारण हाच.

गुरुवारी रात्रीचे आठ, तिकडे सकाळचे आठ. तिघं लॅपटॉपसमोर बसले, वल्लरी मध्ये. प्रबोधने पासपोर्ट तयार ठेवला होता, पण कोचने तो मागितला नाही.

"मिस्टर केतकर," ती म्हणाली, "दुसरा ईमेल तुम्ही लिहिलात की वल्लरीने?"

"मीच लिहिला."

"मुलं वडिलांच्या नावाने लिहितात. मला दरवर्षी असे दोन-चार येतात. आणि बोलायला काकांना बसवतात. तर एक सोपा प्रश्न. तिचा दोन हजार मीटरचा वेळ किती?"

खोलीत पंखा फिरत होता. प्रबोधला तो आकडा आपण ऐकला आहे एवढं आठवलं. दारात उभी असलेली वल्लरी आठवली, तिच्या खांद्यावरचा ओला टॉवेल आठवला. आकडा आठवेना. त्याने वल्लरीकडे पाहिलं; ती समोर बघत होती. तिने सांगून चालणार नव्हतं, आणि अंदाज ठोकायचा तर किती ठोकायचा हेही त्याला माहीत नव्हतं.

"मला माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "तिने मला सांगितला होता. मी विचारलं, कितीपैकी. केमिस्ट्रीचं काहीही विचारा. तिसरीतले गणिताचे मार्क विचारा. हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नव्हतं म्हणूनच मी तो पहिला ईमेल लिहिला."

कोच हॅलोरनने हातातला कागद खाली ठेवला.

"तोतया असता तर पाठ करून आला असता," ती म्हणाली. "तुम्ही वडीलच आहात."

अरुणाने टेबलाखाली वल्लरीचा हात धरला. प्रबोधने ते लगेच ओळखलं. आपलाच सिद्धांत, आणि तो इतक्या लांबून परत आला होता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. प्रबोधने ते कुठून निघालं हे तपासलं, सही मोठी करून पाहिली, ऑपरेटरला पुन्हा फोन केला, आणि मगच पुण्याला कळवायला परवानगी दिली. शिरीषला कुणीच कळवलं नाही. त्याला दुपारपर्यंत कळलं.

वल्लरी घरात पुन्हा बोलू लागली होती, पण जपून. त्या शनिवारी ती क्लबातून आली, बूट काढले, आणि दारातूनच म्हणाली, "सात अकरा." कुणाला उद्देशून ते तिने सांगितलं नाही.

प्रबोधने लॅपटॉप मिटला. "आधी किती होतं?"

"सात सोळा."

त्याने मनात हिशोब केला. "पाच सेकंद? एकदम?" मग त्याच्या कपाळावर ती जुनी आठी पडली. "ते यंत्र तपासतं कोण?"

वल्लरी त्याच्याकडे बघत राहिली, मे महिन्यात बघत राहिली होती तशीच. पण या वेळी खोलीत गेली नाही.

"कम अँड चेक लाह, बाबा," ती म्हणाली. "सोमवारी, साडेपाचला."

रविवारी जेवणं झाल्यावर प्रबोधने फोनवर पावणेचारचा गजर लावला. मग अरुणाचा फोन मागून घेतला आणि त्यावरही लावला. एका गजरावर त्याचा विश्वास नव्हता.