कचऱ्याच्या डोंगरावरची ज्योत

भर दुपारी बंद कचरा डेपोच्या डोंगरावर पाय ठेवायला जागा नव्हती. हुपरी, कागलहून माणसं आली होती. दगडी चौथऱ्यातून तेलवातीशिवाय ज्योत जळत होती आणि अंगारनाथ महाराज सांगत होते, "या ज्योतीची राख छातीचा कसलाही रोग नेते. पण गोळ्या खाल तर देवी कोपेल." ज्योतीला राख कुठली? ती मागच्या पत्र्याच्या खोलीत शेणी जाळून व्हायची.

कचरा वेचणाऱ्या धोंडुबाईची धाकटी बहीण चिमणाबाई क्षयाने आजारी होती. गोळ्यांनी खोकला कमी झाला होता. महाराजांच्या शब्दावर तिने गोळ्या सोडल्या, राख चाटली आणि श्रावणात गेली. महाराजांनी भर गर्दीत सांगितलं, तिची श्रद्धाच कमी पडली. ते वाक्य धोंडुबाईच्या काळजात रुतून बसलं.

याच डोंगरावर धोंडुबाईने सत्तावीस वर्षं कचरा वेचला होता. डेपो बंद करून माती टाकताना जागोजागी पाइप पुरलेले तिने पाहिले होते. ते कशाला, हे विचारायला ती शाळेतल्या विज्ञानाच्या क्रांतीबाईंकडे गेली. बाईंनी सांगितलं की गाडलेला कचरा कुजून गोबरगॅससारखा पेटणारा वायू होतो; तो बाहेर पडावा म्हणून पाइप. महाराजांचा चौथरा त्यातल्याच एकावर असणार. बाई पोलिसांत जाऊ म्हणाल्या. धोंडुबाईला महाराजांचं बिंग आधी लोकांसमोर फोडायचं होतं.

सोमवारी दोघी डोंगर चढल्या. बाईंनी लोकांना मागे सारलं आणि लांब काठीला बांधलेला पेटता बोळा दुसऱ्याच एका पाइपच्या तोंडाशी धरला. भक्कन ज्योत उठली. महाराज म्हणाले, देवी सगळीकडेच असते. तोवर धोंडुबाईने कचरा वेचायच्या आकडीने चौथऱ्याचे दगड उपसले होते. आतला पाइप सगळ्यांना दिसला. तिने त्यावर सोबत आणलेलं ओल्या मातीचं घमेलं उपडं केलं. ज्योत विझली, तशी तिने पाइपच्या तोंडावरची माती बाजूला सारली.

"आता पेटव," ती म्हणाली. "मंत्रानं. काडी लावायची न्हाय."

महाराज मंत्र पुटपुटत राहिले, पण ज्योत पेटली नाही. लोक हसू लागले. शेवटी ते हलक्या आवाजात म्हणाले, "आक्का, चुकलं. माफ करा."

"माफी चिमणाबाईकडं माग. ती न्हाय. मी हाय, आन् मी दिणार न्हाय."

जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. पहिली साक्ष धोंडुबाईची होती. एकही तारीख तिने चुकवली नाही. आता तिथला वायू नळ्यांनी गोळा करायचं काम सुरू आहे. पुढे त्यावर शाळेची खिचडी शिजेल.

ती ज्योत तुमच्या-आमच्या फेकलेल्या शिळ्या अन्नाची होती. कुणी चमत्कार दाखवला तर खालचा दगड उचलून बघा. आणि दवाखान्याने सुरू केलेली गोळी कुठल्याही महाराजाच्या शब्दावर सोडू नका.