खुशालचा बिल्ला आणि माझा काटा

मी एक जुना विकिरणमापक आहे, मित्रांनो. नाव ऐकून दचकू नका. डोळ्यांना न दिसणारे किरण कुठे किती आहेत, एवढंच मी सांगतो. दिसायला म्हणाल तर जुन्या इस्त्रीसारखा. वर धरायला मूठ, पोटात हवेची डबी आणि काचेआड किरण असले की हलणारा एक काटा.

माझी उमेदीची वर्षं समुद्राकाठच्या एका अणुवीज केंद्रात गेली. तपासणीच्या दिवशी अधिकारी मला घेऊन नळांमागे, जाड दारांपाशी, भिंतींच्या कोपऱ्यांत फिरायचे. काटा शून्यावर बसून राहिला की सगळे हुश्श करायचे आणि चहा मागवायचे. बाकीच्यांचं कौतुक काहीतरी केल्यावर होतं, माझं मात्र काटा न हलल्यावर व्हायचं! मी आपला त्यातच फुगायचो. मग आकडे दाखवणारी नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी नागपूरच्या कचेरीतल्या कपाटात झाली. चार वर्षं मी धूळ खात पडलो होतो. फार वाईट वाटायचं.

मला बाहेर काढलं अल्का मॅडमनी. त्या मूळच्या गोंदियाच्या, नागपूरला बदलून आलेल्या तपासनीस. दवाखान्यांतली एक्स-रे यंत्रं तपासण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी मला पुसलं, माझा काटा खरं बोलतो याचा प्रयोगशाळेकडून दाखला घेतला, आणि गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावला निघालो.

तिथल्या एका छोट्या एक्स-रे केंद्रात खुशाल नावाचा तंत्रज्ञ होता. किरणांजवळ काम करणाऱ्याला छातीवर एक बिल्ला लावावा लागतो. तीन महिन्यांत त्याच्या अंगावर किती किरण पडले, ते हा बिल्ला साठवून ठेवतो आणि प्रयोगशाळेत गेल्यावर सांगतो. खुशालच्या बिल्ल्याने भलताच मोठा आकडा सांगितला होता. झालं! कारण सापडेपर्यंत खुशालने यंत्राला हात लावायचा नाही, असं पत्र आलं. केंद्रात दुसरा तंत्रज्ञ नव्हता. त्यामुळे हात-पाय मोडलेल्यांनाही फोटोसाठी गोंदियाची बस धरावी लागत होती.

खुशालचा चेहरा पार उतरला होता. "मॅडम, घरी दोन लेकरं हायेत. मले काई होते का जी?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. नोकरी जाईल हे भय होतंच, पण त्याहून मोठं भय अंगात काय शिरलं असेल याचं होतं.

मॅडमनी टेबलावर माणसाऐवजी पाण्याने भरलेला डबा ठेवला, यंत्र चालू केलं आणि मला घेऊन फिरल्या. दारापाशी शून्य. बाहेरच्या बाकापाशी शून्य. ज्या भिंतीआड उभा राहून खुशाल बटण दाबायचा, तिथेही शून्य. इतक्या वर्षांनी काम मिळालं म्हणून मी जीव ओतून बघत होतो, पण नसलेलं कुठून दाखवू? खोली चांगली, यंत्र चांगलं, मग बिल्ल्यावर एवढे किरण आले कुठून? मॅडमनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात सुलोचनाबाई आल्या. सत्तरीच्या, धानाच्या बांधावरून घसरून मनगट सुजलेलं. खोलीत दोष नाही हे कळल्यावर मॅडम म्हणाल्या, "मी उभी आहे. घे यांचा फोटो." सुलोचनाबाईंनी टेबलाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"अन् तो बिल्ला? मांगच्या खेपी पदराले लावला होतास ना? तो लाव, मंगच मी हात ठेवतो!"

मॅडमनी खुशालकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"म्हाताऱ्या बाया मशीनले भेतेत जी," तो पुटपुटला. "सरकारी बिल्ला लावला का उगी बसतेत. फोटोत येऊ नाई म्हनून जरासा बाजूले लावत होतो."

म्हणजे तीन महिने गावोगावच्या आजीबाईंवर पडलेले किरण खुशालच्या नावावर जमा होत होते! मॅडमना हसू आवरेना. मला हात असते तर मीही टाळी दिली असती. मग मॅडम गंभीर झाल्या आणि सुलोचनाबाईंकडे बोट दाखवून आपल्या गोंदियाच्या बोलीत म्हणाल्या,

"अन् तुह्यावर किती पडले, ते आमी कोनाले विचारायचं? यायले?"

भिंतीआड माझा काटा शून्यावर होता, म्हणून खुशाल वाचला होता. तिथे किरण येत असते, तर बिल्ला दुसऱ्यांच्या पदराला असल्यामुळे ते कोणालाच कळलं नसतं.

मॅडमनी सुलोचनाबाईंना समजावलं, की हा बिल्ला किरण अडवत नाही, नुसते मोजतो, आणि तेही फक्त खुशालचे. आजीबाईंनी जुना बिल्ला प्रयोगशाळेत गेल्यावर मिळालेला, खुशालच्या खिशावरचा नवा बिल्ला बऱ्या हाताने सरळ केला.

"येडा हायेस का रे बापा? राहू दे तुह्यापाशीच. आमाले भेव वाटते तं वाटू दे."

मग त्यांनी सुजलेलं मनगट टेबलावर ठेवलं. या खेपेला त्यांनी बिल्ला मागितला नाही. खुशाल भिंतीआड गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याचं काम पुन्हा सुरू झाल्याचं पत्र निघालं.

मित्रांनो, आम्हा मोजणाऱ्यांना कपाटात टाकू नका. आणि मोजमाप ठेवून आपली राखण करणारी वस्तू मायेपोटीसुद्धा दुसऱ्याला देऊ नका. खुशालसारखी माणसं धडधाकट राहिली, तरच भ्यालेल्या आजीबाईंना धीर देणारं कोणीतरी तिथे असेल.