वालावरच्या टिकल्या

"खबरदार वालात पाय टाकाल तर!" गोदू बांधावर आडवी उभी राहून ओरडली.

समोर तिचा नवरा चिंधू उभा. तोंडाला फडकं बांधलेलं, डाव्या हातात काठी, काठीच्या टोकाला पावडरची पुरचुंडी. उजव्या हातातल्या छडीनं ती पुरचुंडी झोडली, की सारं पीक पांढरं होणार होतं. शुक्रवार होता. शुक्रवारी कामतघरचे कापडाचे लूम बंद, म्हणून तिथं कामाला असलेला चिंधू खारबावला घरी. आठवड्याची सगळी शेती त्याला त्या एका दिवसात उरकायची असे.

"बाजूला हो गो. मावा बघ कसा चढलाय!"

मावा चढला होता हे खरंच. भात कापल्यावर त्याच ओलीवर टाकलेला वाल आता फुलावर आला होता. जमीन भेगाळली होती आणि गेले चार दिवस आभाळ झाकोळलेलं होतं. अशा हवेत वालाच्या शेंड्यांवर काळा मावा काजळासारखा थापून बसतो. तो रस पितो, फूल गळतं, शेंग धरत नाही. घरात वर्षभर बिरडं शिजायचं ते याच तुकड्यावरच्या वालाचं. हा गेला तर वर्षभर नुसतं कालवणाचं पाणी.

"मावा हाय, म्हनून तर टिकल्या आल्यात," गोदू म्हणाली. "त्याच खातील त्याला. तुमी पावडर मारली तर टिकल्या मरतील पहिल्या, आनि मावा बसल तुमच्या बोडक्यावर!"

टिकल्या म्हणजे ते गोल, अर्ध्या वाटाण्याएवढे, ठिपक्यांचे किडे. हे नाव गोदूनंच ठेवलेलं.

तेवढ्यात शेजारच्या बांधावरून राहीबाई आली. वयानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. तिच्या हातात वांग्याचं पान होतं. पान कसलं, चाळण झाली होती.

"चिंध्या, मार तू पावडर! हिच्या टिकल्यांनी माजी वांगी खाल्ली. हिकडं वालावर निजतात, तिकडं माज्याकडं जेवायला येतात. पावन्यांची चांगली सोय लावलीय तुज्या बायकोनं!"

"राहीआक्का, तुज्या वांग्यावरच्या येगळ्या."

"येगळ्या? त्याबी लाल, ह्याबी लाल. त्यांनाबी ठिपकं, ह्यांनाबी ठिपकं. तू काय त्यांच्या बारशाला गेली व्हतीस?"

चिंधू फडक्याआडून हसला. गोदूला हसणं झोंबलं.

"संध्याकाळपत्तूर थांबा," ती म्हणाली. "दोगांच्या डोळ्यांसमोर दावते. मी खोटी ठरले तर पावडर मीच झोडीन."

घरात कंदिलाच्या दोन जुन्या काचा होत्या, कडा फुटलेल्या. गोदूनं त्या ओटीवर दोन थाळ्यांत उभ्या केल्या. दोन्हींत एक वांग्याचं पान आणि एक मावा बसलेला वालाचा शेंडा घातला. एकीत वालावरच्या तीन टिकल्या सोडल्या. दुसरीत राहीबाईनं स्वतःच्या हातानं वांग्यावरचे तीन किडे आणून सोडले. वरून लूमच्या कापडाची चिंधी बांधली. बांधता बांधता राहीबाईनं पहिल्या काचेत आणखी एक प्राणी टाकला. काळा, लांबट, सहा पायांवर सरपटणारा, अंगावर केशरी डाग. छोटा सरडाच जणू.

"ह्येबी ऱ्हाऊ दे. मावा ह्येच आनतं. चिरडाय पायजे मेल्याला."

"ते खरं," गोदू म्हणाली. या एका गोष्टीवर दोघींचं एकमत होतं. वालात फिरताना असा काळा दिसला की गोदू त्याला अंगठ्यानं पानावरच चिरडत आली होती.

दिवसभर चिंधूला काही सुचेना. पुरचुंडी खुंटीला टांगलेली. तो दर थोड्या वेळानं ओटीवर बसून काचेत बघायचा. लूमवर सात वर्षं कापड बघून बघून त्याची नजर तयार झाली होती. तुटका धागा त्याला दहा हातांवरून दिसे. दुपारी तो एकाएकी म्हणाला,

"गोदू, हिकडं ये. ह्या तुज्यावाल्या साटीन हायेत."

"काय?"

"साटीन. पाठ बघ कशी झळकते, काचेतला उजेड उठतोय तिच्यावर. आनि आक्काच्या मांजरपाट! झळक न्हाय, मळकट तांबड्या. उजेडात धर, पाठीवर बारीक लव हाय, कोऱ्या कापडावर असते तशी. आनि ठिपकंबी मोजले मी. अठ्ठावीस. दोनदा मोजले. तुज्या हिला सातच."

गोदूला हसू आवरेना. सहा वर्षं तिनं शेतात बघितलं ते यानं एका दुपारी कापडावर आणून बसवलं होतं.

"सात सगळ्यांना न्हायत," ती म्हणाली. "तीन हिकडं, तीन तिकडं आनि मानेखाली मधोमध एक, ती सातटिकली. ही बघा, हिच्या पाठीवर काळी रेघ कशी वळवळत गेलीय, ही नागमोडी. आपल्या वालावर हीच जास्ती. आनि ही केशरी, आडव्या पट्ट्यांची. तिघींचं सोंग येगळं, पर जेवन एकच."

संध्याकाळी राहीबाई पदर खोचून आली. गोदूनं चिंध्या सोडल्या.

पहिल्या काचेत वालाचा शेंडा हिरवागार. मावा औषधालाही नव्हता. वांग्याच्या पानाला कुणी शिवलेलं नव्हतं. दुसऱ्या काचेत मावा होता तसाच, आणि वांग्याचं पान खरवडून खरवडून त्याची जाळी झालेली. राहीबाईनं ते पान उजेडाकडे धरलं. पानातून तिला चिंधूचं तोंड दिसलं.

"म्हंजे माजं चोर माज्याच घरातलं," ती पुटपुटली.

"मांजरपाट हायेत आक्का," चिंधू म्हणाला. "सकाळी उचलायची नि रॉकेलच्या पान्यात टाकायची. पानाखाली पिवळी काटेरी पिल्लं बसत्यात, तीबी."

"तुला लई कळाया लागलं रं एका दिवसात!"

पुरचुंडी खुंटीवरच राहिली. वालावर टिकल्या दिवसेंदिवस वाढत गेल्या आणि मावा विरळ होत गेला.

टिकल्या वालावर सोडून गोदूनं पहिल्या काचेवर चिंधी परत बांधली; आतला काळा सरडा मात्र ती विसरून गेली. दोन दिवसांनी बघितलं तर तो शेपटीनं कापडाला चिकटून गोळा झालेला. मेला असेल म्हणून तिनं काच तशीच कोनाड्यात सरकवली.

पुढच्या शुक्रवारी चिंधूनं हाक मारली. "गोदू, ह्यो कंचा गो? ना साटीन ना मांजरपाट."

काचेत एक किडा होता. हळदीसारखा पिवळा, मऊ, पाठीवर एकही ठिपका नाही. वर कापडाला काळ्या सरड्याचं रिकामं टरफल लटकत होतं. दोघं शेजारी बसून बघत राहिली. भाकरी थापायची राहिली. घटकाभरानं पिवळ्या पाठीवर फिकी सावली उमटली, मग सावलीची रेघ झाली, रेघ काळी झाली आणि वळवळत खाली उतरली.

"नागमोडी!" चिंधू ओरडला. "म्हंजे ते काळं हिचंच पोर?"

गोदू आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत होती.

तेवढ्यात ओटीखालून राहीबाईची हाक आली. हातात टोपली, आवाज कधी नव्हे तो खाली.

"गोदे, माज्या चवळीवर मावा चढलाय गं. तुज्या चार टिकल्या देतीस?"

चिंधूनं तोंड उघडलं होतं. पाहुण्यांची सोय, बारसं, सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. गोदूनं त्याला कोपर मारलं.

"ने की आक्का. पर झळकनाऱ्याच ने. आनि त्यांची काळी पोरंबी ने, तीबी मावाच खातात, वांग्याच्या पानाला शिवली न्हाईत."

"ती सरड्यावानी? ती पोरं? तुला कुनी सांगितलं?"

गोदूनं काच तिच्या हातात दिली.

"कुनी सांगनार? सहा वर्सं म्या माज्याच हातानं चिरडलीत ती," ती म्हणाली. "चल, वालात चल. दावते. आनि पाय बघून टाक."